रुमालाखाली

मसुदा एकच पान आहे.
पाच वर्षांत देशाची तूट साडेतीन टक्क्यांवर,
आणि तळाला तीन कोऱ्या रेघा.
समितीनं मला पाठवलं, कारण मी इथली.
"तुमच्या कोल्हापूरचे तिघे, तीन पक्षांचे,
अधिवेशनाआधी गावातच गाठा.
दिल्लीत ते एकमेकांना ओळखत नाहीत."

हिंदुराव इंगवले सकाळी तालमीत भेटले.
पोरं हौद्यातली माती खोऱ्यानं वरखाली करत होती.
पान त्यांनी लांब धरून वाचलं, हात पुरेना म्हणून अजून लांब.
"सगळं मान्य हाय बगा.
खताच्या अनुदानाची ओळ तेवढी हलवू नका."

लक्ष्मीपुरीत, दुकानाच्या माडीवर,
जिन्नप्पा मगदूम यांनी आधी बेरीज तपासली.
बरोबर निघाली, तेव्हा जरा हिरमुसले.
"ओळ सात. हा उपकर काढा.
बाकीचं मी पोटात घालतो."

शमशाद मुजावर यांनी पान उघडलंच नाही.
"अंगणवाडीच्या जेवणाचे पैसे कापलेत?
हो की नाही, एवढंच सांगा."
हो.
"मग चहा घ्या, आणि जावा."

चहा घेतला.

दुपारी दसरा चौकात, रिक्षात बसूनच हिशेब केला.
तीन ओळींभोवती तीन वर्तुळं.
त्यांच्या बाहेर उरली छपाई, आणि तारीख.

वडील शाहूपुरीत एका अडतीवर मुनीम होते.
रव्यांच्या थप्प्या, घोंगावणाऱ्या माश्या,
आणि सौद्याच्या वेळी दोन माणसांच्या हातांवर
टाकलेला एक मळका रुमाल.
खाली बोटं बोटांना भाव सांगत,
वर दोघंही छताकडं बघत.
तोंडानं का सांगत नाहीत, मी विचारलं होतं.
"बोललं की माणूस शब्दाला चिकटतो," वडील म्हणाले,
"बोटाला नुसता गूळ चिकटतो.
तो धुता येतो."

म्हणून दुसऱ्या फेरीत मी मागणी विचारली नाही.
पेन्सिल पुढं केली, आणि खोडरबर.
कुणालाच कळणार नसेल तर
कुठला आकडा घेऊन तुम्हाला झोप लागेल?

इंगवले बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले.
"मगदूम काय म्हणाले?"
मी छताकडं बघितलं.
"म्हंजे काय तरी सोडलंय गड्यानं,"
आणि खतातला पाव टक्का त्यांनी असा खोडला
जसा कुणी दुसऱ्याच्याच ताटातला घास उचलावा.

मगदूम यांनी उपकर ठेवला, दोन वर्षांसाठी.
लिहिताना हात कागदावर आडवा धरला होता,
परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून धरतात तसा.

मुजावरबाईंनी पेन्सिल माझ्या हातातूनच घेतली.
जेवणाचा आकडा खोडला, होता तिथं वर नेला,
आणि स्वतःच्या पक्षाची एक घोषणा, रस्त्यांची,
अर्धी करून टाकली.
टेबलावरचा रबराचा चुरा फुंकरीनं उडवला.
"हे मी केलं नाही."
नाही, म्हटलं.

निघताना तिघांनीही, तीन वेगळ्या दारांत,
तीच अट घातली: एकत्र फोटो नको.
दिवसभरातलं पहिलं पक्कं एकमत,
आणि त्यासाठी मी काहीच केलं नव्हतं.

रात्री गाडी सुटली.
उद्या हेच आकडे शाईत लिहायचे.
शाईत लिहिले की कुणीतरी म्हणेल, हे माझे नव्हेत,
आणि ते खरंच असेल.
पान पुन्हा काढून बघितलं.
ओळ सात इतक्यांदा खोडली गेली आहे
की कागद तिथं पापुद्र्यासारखा झाला आहे.
खिडकीशी धरला तेव्हा
गूळ मार्केट स्टेशनचा एकुलता दिवा
त्यातून आत आला
आणि गाडी न थांबता
पुढं गेली.